इटलीवाले, जर्मनीवाले

मोहफुलाचा वास आला की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, किती गोड वास. असेल. मला त्यात आधी पेट्रोल येतं, मग त्याच्या मागून रक्त येतं, आणि मग दिवसभर मी ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जाते. शाळेतली पोट्टी आता ओळखून आहेत. हे दिवस लागले की मॅडमच्या वाटेला जायचं नाही, असं एकमेकांना सांगून ठेवतात. चंद्रपुरात खरं तर कोळशाच्या धुळीपुढे दुसरा कसला वास टिकत नाही. पण परवा बाजारात एक बाई टोपलीभर मोहफुलं घेऊन बसली होती, आणि मी भाजी न घेताच घरी आले.

आमच्याकडे उन्हाळा येत नाही, अंगावर येतो. फुलं पडायला लागायच्या आधी लोक मोहाखालचा पालापाचोळा पेटवून देतात. जमीन काळी झाली की तिच्यावर पिवळट फूल लांबून दिसतं, वेचायला सोपं जातं. म्हणून सगळं रान खालून धुमसत असतं. साप पळतात, ससे पळतात, झाडांचे बुंधे काळे पडतात. वाघ पाण्यावर येतो, माणूस फुलांवर येतो आणि अस्वलही फुलांवरच येतं. रोजच्या पेपरात एक मेलेला, दोन फाडलेले. माझ्या माहेरी, सावली गावाच्या पुढे जंगलाला टेकून असलेल्या गावात, या दिवसांत बायका पहाटे घरून निघताना मागे वळून बघत नाहीत.

यंदा हा हंगाम आला तो आईच्या डोळ्यासकट आला. आईला एकच डोळा आहे. त्यात मोतीबिंदू पिकला आहे. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता ऑपरेशन केलं नाही तर हाही जाईल, आणि केल्यावर घरी नेताना धूळ, वारा, धक्के चालणार नाहीत. एसटीनं अजिबात न्यायचं नाही, बंद काचांच्या गाडीतून न्यायचं. आई म्हणाली, मग नाही करत ऑपरेशन. मी म्हटलं, जीप भाड्यानं करते. तर म्हणाली, घरी दोन गाड्या असून भाड्याची आणली तर गावातले काय म्हनतीन? म्हणजे घरच्या गाडीत बसायचं नाही आणि घरच्यांची अब्रूही जाऊ द्यायची नाही. अशी ही माझी आई, आणि असा तिचा एक डोळा.

आता त्या दोन गाड्यांबद्दल सांगायलाच हवं.

लाल गाडी माझ्या मोठ्या भावाची, सिद्धूदादाची. पॅलिओ, एक पॉइंट सहा इंजिनवाली. दादा गावच्याच शाळेत मास्तर आहे. नागपुरातून जुनी घेऊन आला तेव्हा सगळं गाव बघायला आलं होतं. इटलीची जात. दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज यायचा. स्टिअरिंग जड, इतकं जड की दादाचे दंड फुगायचे, पण रस्त्यातला एकेक खडा हाताला कळायचा. ती एकदम धावत नाही. सुरुवातीला नुसती गुरगुरते, आणि मग इंजिन वर चढलं की बैलानं खांद्यानं रेटावं तशी मागून रेटत नेते. पेट्रोल पाण्यासारखं पिते. दादा म्हणायचा, पिऊ दे, कमावतो तर मीच.

पांढरी माझ्या नवऱ्याची, विनोदची. पोलो जीटी. जर्मन. इंजिन दादाच्या गाडीपेक्षा लहान, पण त्याला टर्बो. पाय टेकवला की थप्पड बसल्यासारखं डोकं मागं आपटतं. गिअर टाकायचा नाही, ती आपणच बदलते, आणि इतक्या गुपचूप की कळतही नाही. विनोद चंद्रपुरात वीज केंद्रात इंजिनियर आहे. त्याला सगळं असं गुपचूप, अचूक आणि लगेच आवडतं. दादा म्हणायचा, जिच्यात गिअर आपल्या हातानं टाकायचा नाही ती गाडी नाही, ते मिक्सर आहे. विनोद म्हणायचा, जिच्यात बसून घाम येतो तिला गाडी नाही, व्यायामशाळा म्हणतात.

दोन्ही आता बनत नाहीत. दोन्हींचे पार्ट भंगारात नाहीतर ओळखीपाळखीनं मिळवावे लागतात. दोघं दोन देशांच्या म्हाताऱ्या गाड्या पोटच्या पोरीसारख्या सांभाळतात, आणि एकमेकांच्या पोरीला नावं ठेवतात. सुरुवातीला मला मजा वाटायची. साळा आणि जावई भांडतात म्हणजे घर जिवंत आहे, असं मी मैत्रिणींना सांगायची. भैताड होते मी.

आता काही वर्षं झाली, तो हंगाम जयंतीचा होता. चौदा एप्रिलला आम्ही कुठंही असलो तरी गावी जातो. विहाराला निळी रंगरंगोटी, चौकात पताका, मिरवणुकीची तयारी, आणि आमच्या अंगणात दोन गाड्या शेजारीशेजारी. सकाळपासून पोट्टे जमायचे. बॉनेट उघडायची, दोघं आपापल्या इंजिनाचं प्रवचन द्यायचे. बघता बघता गावात दोन पार्ट्या पडल्या. इटलीवाले आणि जर्मनीवाले. पानठेल्यावर भांडण, बोअरिंगच्या हापशावर भांडण. ज्यांनी चंद्रपूरसुद्धा धड पाहिलं नव्हतं ते इटलीच्या इज्जतीसाठी गचांड्या धरत होते. एकदा दोन पोट्ट्यांनी एकमेकांची डोकी फोडली. आईनं दोघांनाही अंगणात बसवून हळद लावली आणि दादाला नि विनोदला म्हणाली, हे तुमचे कर्म.

जयंतीच्या आदल्या दिवशी दोघांनी शर्यत लावली. गावच्या फाट्यापासून वैनगंगेच्या पुलापर्यंत. मी विनोदच्या गाडीत होते, कशाला बसले देव जाणे, देव मानत नाही तरी म्हणते. दोन्हीकडे साग, मधे तापलेलं डांबर. व्याहाडच्या अलीकडे एक वांदर पिल्लू पोटाशी धरून रस्त्यात आलं. विनोदनं ब्रेक दाबला. माझं कपाळ समोर आदळलं, टेंगूळ आलं. दादा कडेच्या मातीतून धुरळा उडवत पुढे निघून गेला आणि पुढच्याच वळणावर एका रानडुकराच्या पिल्लाला उडवून थांबला. लाल बंपरवर लाल रक्त, लांबून कळतही नव्हतं. ते पिल्लू कडेला पडून पाय झाडत होतं आणि हे दोघं त्याच्या डोक्यावर उभे राहून भांडत होते, की शर्यत धरायची की नाही. दादा म्हणत होता मी पुढे होतो. विनोद म्हणत होता मी माणुसकी दाखवली. मी दोघांनाही शिव्या घातल्या. शाळेत शिकवणाऱ्या बाईला येऊ नयेत अशा शिव्या मला येतात. पिल्लू मेल्यावर दोघं आपापल्या गाडीत बसले.

म्हणजे शर्यत अर्धी राहिली. हे लक्षात ठेवा.

आईचं मोहाचं झाड रानात जरा आत आहे. तिच्या सासूनं वेचलं, मग तिनं. खोड वाकलेलं म्हणून सगळे त्याला वाकड्या म्हणतात. दादानं किती वेळा सांगितलं, आई, मी मास्तर आहे, तुला फुलं वेचायची काय गरज. आई म्हणायची, वाकड्याची फुलं खाली पडून सडली तर मले झोप नाई लागत. जयंतीच्या दिवशी सकाळीही ती गेली. शेजारची कौशल्याबाई सोबत होती. कौशल्याबाईनं नंतर सांगितलं ते असं. पाला धुमसत होता, धूर होता, समोरचं दिसत नव्हतं. आई वाकून वेचत होती. वाकड्याच्या पलीकडून दुसरं कोणीतरी वेचत होतं. आईला वाटलं कौशल्याबाई आहे. ती म्हणाली, वो बाई, इकडची माझी हायेत. आणि ते उठून उभं राहिलं.

अस्वल आधी तोंडावर जातं. ते मारायला येत नाही, ते फाडायला येतं. आईचा डावा गाल, डोळा, कपाळाची कातडी एका पंजात गेली. ती पडली तर ते वर बसलं. कौशल्याबाईनं आधी टोपली हाणली, मग जळतं लाकूड उचलून त्याच्या पाठीत खुपसलं. जळत्या केसांचा वास, अस्वलाचं ओरडणं, आईचं न ओरडणं. कौशल्याबाई म्हणते, बाप्पा, तुयी माय एक शब्द बोलली नाई. अस्वल पळालं. रानातल्या बायकांनी ओरडून माणसं बोलावली, आणि आईला बाजेवर घालून गावात आणलं.

अंगणात बाज टेकली तेव्हा मी चहा गाळत होते. आईच्या तोंडावर कोणीतरी आपला दुपट्टा टाकला होता, तो भिजून गच्च झाला होता. दुपट्ट्याच्या कडेनं उजवा डोळा दिसत होता. उघडा. माझ्याकडे बघत होता. मी ओरडले, गाडी काढा.

दोघांनीही काढली.

दादानं पॅलिओचं मागचं सीट पाडून सपाट केलं. विनोदनं पोलो उलटी घेऊन बाजेला लावली. आमची गल्ली अरुंद, दोन गाड्या एका वेळी निघत नाहीत. पोलो पुढे उभी, पॅलिओ तिच्या मागे अडकलेली. दादा म्हणाला, गाडी काढ, आईले आडवं न्या लागते. विनोद म्हणाला, आडवं नेऊन उशिरा पोचायचं का, ही आधी पोचते. दादानं त्याची कॉलर धरली. विनोदनं हात झटकला. दादा म्हणाला, काल वांदराले पाहून थांबला तू, आज गाय आली तं थांबशीन. आणि विनोदनं त्याच्या छातीत गुच्चा मारला. दादाचा ठोसा विनोदच्या तोंडावर बसला. दात तुटून आईच्या बाजेखाली जाऊन पडला. मग दोघं जमिनीवर, मातीत, एकमेकांच्या गळ्याला. माझा भाऊ आणि माझा नवरा. दोघांचीही आई बाजेवर, कारण विनोदला त्याची आई नाही, तो हिलाच आई म्हणतो.

आणि गाव काय करत होतं? गाव ओरडत होतं. आपली शपथ, खोटं नाही सांगत. एकीकडून आवाज येत होता, पॅलिओत टाका, पॅलिओत टाका. दुसरीकडून, अरे पोलो आधी पोचते. इटलीवाले आणि जर्मनीवाले. मी दोघांच्या मधे घुसले, केस ओढले, चावले, कोणाला चावले ते आठवत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. हाताला दगड लागता तर त्या दिवशी मी कोणाचं तरी डोकं फोडलं असतं.

रशीदभाईचा छोटा हत्ती टेम्पो तेव्हा चौकात उभा होता. गावोगावच्या बाजारात भांडी विकतो तो, जयंतीला दुकान लावायला आला होता. तो गल्लीच्या दुसऱ्या टोकानं गाडी उलटी घेत आला. खाली उतरला, मागचं फाळकं पाडलं आणि दोन्ही हातांनी सगळी भांडी रस्त्यावर ओतली. त्या आवाजानं मारामारीसुद्धा क्षणभर थांबली. मला एवढंच म्हणाला, "ताई, उचला." आम्ही बायकांनी बाज उचलली.

छोटा हत्ती तो छोटा हत्ती. चढ आला की कुंथत होता. मी मागे बाजेजवळ बसून आईचं डोकं मांडीवर धरलं होतं. रक्त माझ्या पातळातून खालच्या पत्र्यावर जात होतं. रशीदभाईनं हॉर्नवरचा हात काढला नाही. व्याहाडच्या पुढे मागून त्या दोघी आल्या, लाल आणि पांढरी, दिवे लावून, हॉर्न वाजवत. थांबा, आईला आमच्यात द्या, असे हात करत. रशीदभाईनं काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आईनं हात वर केला आणि आडवा हलवला. नाही. मग पुलावरून गडचिरोलीत शिरेपर्यंत जगातल्या दोन तेज गाड्या भांड्यांच्या टेम्पोमागे वरातीसारख्या हळूहळू आल्या.

आई जगली. डावा डोळा गेला, गाल ओढल्यासारखा झाला, बोलताना एका बाजूनं हवा जाते. टाके घालून झाल्यावर मी डॉक्टरांना बाजूला नेऊन विचारलं, उशीर झाला म्हणून गेला का डोळा? ते म्हणाले, नाही बाई, डोळा तिथं रानातच गेला होता, तुम्ही उडत आला असता तरी वाचला नसता. मी मान हलवली आणि बाहेर आले. बाहेर बाकावर दोघं दोन टोकांना बसले होते, एकाचं तोंड फुटलेलं, एकाचा शर्ट फाटलेला. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच सांगितलं नाही. काऊन सांगू? जळू दे, म्हटलं. आणि त्यानंतरच्या प्रत्येक हंगामात जळू दिलं. त्याची मला लाज वाटत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी दादानं पॅलिओची पुढची काच दगडानं फोडली. नंतर नवीन बसवायला तोच नागपूरला हिंडला. विनोदनं दात बसवून घेतला, पण हसणं गेलं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप माझ्यामार्फत जातात आणि मी ते पोचवताना मुद्दाम चार शब्द कडक करून पोचवते. आई गावातून कुठंही जायचं तर फाट्यावर चालत जाते आणि एसटी धरते. तपासणीच्या दिवशी दादा गाडी धुऊन दारात उभी करतो. आम्ही गेलो असू तर विनोदही करतो. आई पदर खोचते, दोन्ही गाड्यांच्या मधून निघून जाते. इकडे बघत नाही, तिकडे बघत नाही. तिचं असं मधून जाणं मी पाहिलंय. दादाच्या ठोशापेक्षा जोरात लागतं ते.

यंदाच्या जयंतीला आम्ही गेलो तेव्हा ऑपरेशनची तारीख दुसऱ्या दिवशीची होती आणि आईचं नाही कायम होतं. सकाळी ती वाकड्याकडे निघाली. हो, अजून जाते. आता दादा आणि विनोद दोघंही काठ्या घेऊन मागे जातात, एक उजवीकडून, एक डावीकडून, एकमेकांशी न बोलता डबे बडवत. मीही गेले. जाळलेल्या काळ्या जमिनीवर फुलं पडली होती, आंधळ्यालाही दिसावीत अशी. आई वेचत होती. हात भराभर चालत होता. परत येऊन तिनं अंगणात टोपली ओतली आणि वाळत घालायला पसरू लागली.

तेव्हा आम्ही पाहिलं. फुलं थोडीच होती. बाकी जळके पानदेठ, खडे, बकरीच्या लेंड्या. आई एकेक उचलून बोटांनी दाबून बघत होती. दाबलं की कळायचं तिला, डोळ्यानं कळत नव्हतं. बराच वेळ ती तशी दाबत बसली. कोणी मदतीला गेलं नाही. तिथं जायची हिंमत कोणात होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गाड्या धुऊन उभ्या होत्या. आई पदर खोचून बाहेर आली. दोघांच्या मधे येऊन थांबली. दोन्ही हात पुढे केले, एक दादापुढे, एक विनोदपुढे. त्यांना आधी कळेना. मग दोघांनी चाव्या तिच्या तळहातावर ठेवल्या. त्या दोन चाव्या तिनं माझ्यासमोर धरल्या.

"तू चालव," ती म्हणाली.

मी विचारलं, कोणती?

"कोनतीबी."

इतक्या वर्षांचं इंजिन, टर्बो, गिअर, इटली, जर्मनी, फुटलेली डोकी, तुटलेला दात, सगळं त्या एका शब्दात गेलं. मी एक चावी उचलली; चालवता मला दोन्ही येतात. कोणती ते इथं लिहिणार नाही. लिहिलं तर वाचणाऱ्यांतही दोन पार्ट्या पडतील.

आई माझ्या शेजारी बसली. दोघं मागे बसले, गुडघे हनुवटीला लावून, कारण या जातीच्या गाड्यांत मागे बसायला जागा नसतेच, त्या पळायला बनवलेल्या असतात. मी हळू चालवली. काचा बंद, बाहेर सगळीकडे धूर, मोहाचा वास आतपर्यंत येत होता. व्याहाड गेलं. पूल दिसायला लागला तेव्हा मी आरशात दोघांकडे पाहिलं. एक या काचेतून बाहेर बघत होता, एक त्या. म्हाताऱ्यांसारखे दिसत होते दोघं. मला काय झालं कोण जाणे, मी बोलून गेले, डोळा तेव्हा रानातच गेला होता, तुमच्यामुळं नाही, डॉक्टरांनी तेव्हाच मला सांगितलं होतं.

मग दादानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. विनोद म्हणाला, आई, ऐकलं का?

आई समोर रस्त्याकडे बघत होती. तिला त्यातलं किती दिसत होतं, तिलाच ठाऊक.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "अस्वलानं नेला तो डोळा. त्याचा राग नाई मले. उरला त्या डोळ्यानं बाजेवर पडून जे पाह्यलं, त्याचा हाये."

पूल लागला. मी गाडी आणखी हळू केली.